एक ते दीड

आमच्या चाचणी विभागाच्या भिंतीवर एक कागद लावलेला आहे. हाताने लिहिलेला, कडा पिवळ्या पडलेला. त्यावर दोनच ओळी आहेत. ‘मशीन थांबवले तर वेळ लिहावी. का थांबवले तेही लिहावे.’ खाली कोणाची सही नाही. नवीन आलेली मुलं तो वाचतात आणि हसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. आता सगळं कॉम्प्युटर लिहून ठेवतो, मशीन कधी थांबलं, कधी सुरू झालं, मधल्या वेळात किती तापलं. परवा रंगकाम चालू होतं तेव्हा त्यांच्यातल्याच एकीने विचारलं, “मॅडम, हा कागद काढून टाकूया ना?” मी नको म्हटलं. का नको ते सांगत बसले असते तर संध्याकाळ झाली असती, आणि हल्ली मला एवढं बोलायचाही कंटाळा येतो. म्हणून इथे लिहिते आहे.

तो कागद परबताईंनी लिहिला. ललिता विठ्ठल परब. आमच्या कंपनीत त्या चाचणी घ्यायच्या, आणि मी वृंदा, त्या ज्याची चाचणी घ्यायच्या त्याचं गणित करायचे.

गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीच्या अलीकडे, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. खालच्या मजल्यावर बाटल्यांची झाकणं बनतात. शेजारच्या गाळ्यातून सिरियलवाल्यांना कपडे भाड्याने जातात, त्यामुळे लिफ्टमध्ये आमच्याबरोबर कधी चार मुकुट असतात, कधी पोलिसांचे डझनभर गणवेश. आणि या सगळ्यांच्या मध्ये आम्ही आठ माणसं विमानाचा पंख बनवत होतो. घरी सांगितलं तर कोणाचा विश्वास बसायचा नाही. माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत होतं की मी पंख्यांच्या कंपनीत आहे.

विमानात खिडकीशी बसलेल्या कोणीही हे पाहिलेलं असतं. उतरायची वेळ झाली की पंखाच्या मागच्या बाजूचे तुकडे घरघर करत बाहेर येतात आणि खाली वळतात. त्यांना फ्लॅप म्हणतात. त्या तुकड्यांना बिजागऱ्या असतात, मध्ये फटी असतात, आणि फटीपाशी हवा अडखळते. आम्हाला असा पंख करायचा होता की ज्याला तुकडेच नाहीत. मागची कड अख्खीच्या अख्खी वाकणार, आपण हाताचा पंजा खाली वाकवतो तशी, तेही उडता उडता. आत पातळ फासळ्या आणि मोटर, वर रबरासारखी कातडी. फासळ्यांचं गणित माझ्याकडे होतं आणि ते कसंबसं सुटलंही. घोडं अडलं ते कातडीवर. ताणली जायला हवी म्हणून ती मऊ हवी, आणि हवेचा दाब सोसायला हवा म्हणून कडक हवी.

हे मी परबताईंना पहिल्यांदा समजावलं तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे वाकायचं पण, आणि ताठ पण राहायचं. तुम्हाला पंख नकोय गं, सून हवीय.”

त्या स्वतः कणकवलीकडे दोन वर्षं सून होऊन आल्या होत्या. त्याबद्दल माझ्याशी एकदाच बोलल्या. “नाही जमलं. आले परत.” एवढंच. परत येऊन त्यांनी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, वर्गात एकट्या बाई, आणि दोन-तीन ठिकाणी काम करून आमच्याकडे आल्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, केस घट्ट बांधलेले. साडीवर कंपनीचा निळा कोट. कोटाच्या खिशात खडू, पक्कड आणि आवळासुपारीची डबी. बसायला चाकाची खुर्ची दिली होती, ती त्यांनी मला देऊन टाकली आणि स्वतःला लाकडी स्टूल ठेवलं. खुर्ची हलते, मशीन हलते, मग कोण हलतंय ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचं काम ऐकायला सोपं. पंखाचा हातभर तुकडा मशीनवर बसवायचा आणि मोटरने त्याची कड खाली-वर, खाली-वर वाकवत राहायची. सकाळी आठपासून दहा तास. रात्री इस्टेटचा वॉचमन मेन स्विच पाडतो, म्हणून रात्री बंद. दुसऱ्या दिवशी परत आठला सुरू. असं दहा-बारा दिवस. रोजचा आकडा ठरलेला, इतक्या वेळा वाकली पाहिजे. कातडी फाटली नाही, गोंद सुटला नाही, तर पास. हे बघत बसायला माणसाच्या अंगात काय लागतं ते मला माहीत आहे, कारण मी एकदा अर्धा दिवस बसले होते आणि मला झोप लागली होती.

परबताईंना कधी झोप लागली नाही. मशीनवर आकडा दाखवणारी लाल अक्षरांची खिडकी होती, पण तिच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांच्याकडे चिंचोक्यांनी भरलेला एक डबा होता. हजार वेळा वाकलं की एक चिंचोका या डब्यातून त्या डब्यात. संध्याकाळी चिंचोके मोजायचे आणि खिडकीतल्या आकड्याशी ताडून बघायचे. आणि तासाला एकदा कातडीवर तळहात ठेवायचा. चालू मशीनवर. कंपनीच्या नियमात हे अजिबात बसत नव्हतं. आम्ही ओरडलो की म्हणायच्या, “ताप बघायला थर्मामीटर नंतर लावतात, आधी कपाळाला हातच लावतात ना?”

शेवटी सही. आमचे रिपोर्ट इंग्रजीत, सगळ्यांच्या सह्या म्हणजे मुंग्या चिरडल्यासारख्या. परबताईंची सही मराठीत, पूर्ण, काना-मात्रा स्पष्ट. ललिता विठ्ठल परब. एक सही करायला त्यांना अर्धं मिनिट लागायचं आणि तेवढा वेळ आमचे साहेब घड्याळाकडे बघत उभे राहायचे.

साहेब म्हणजे कर्णिक. कंपनीचे मालक, अंधेरीच्या ऑफिसात बसायचे आणि आठवड्यातून दोनदा गाळ्यावर यायचे. माणूस चांगला, पण कायम कुठेतरी पोचायला उशीर झालेला. पंखाबरोबरच आम्ही बाहेरच्या ग्राहकांच्या रबर-गोंदाच्या वस्तूही तपासून द्यायचो, आणि एकदा अशाच एका रिपोर्टची फारच घाई होती. चाचणीचा शेवटचा दिवस, दुपारी दोन मिनिटं वीज गेली आणि आली. संध्याकाळी खिडकीतल्या आकड्याप्रमाणे सगळं पूर्ण, पण परबताईंचा एक चिंचोका कमी. कर्णिक म्हणाले, “परब, एका चिंचोक्यासाठी ग्राहक सोडू का मी?” परबताई म्हणाल्या, “ग्राहक नका सोडू साहेब. पण सही नाही मिळणार.” आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. सगळ्यांनी त्यांच्या नावाने बोटं मोडली. मीसुद्धा मोडली, माझी रजा रद्द झाली होती. नंतर कळलं की वीज आली तेव्हा खिडकीतला आकडा उडी मारून पुढे गेला होता. त्यांनी मला नुसती आवळासुपारी दिली.

आता त्या अर्ध्या तासाबद्दल सांगते.

एक वाजला की परबताई मशीन बंद करायच्या. हात धुवायच्या आणि आधी घरी फोन लावायच्या. त्या वडिलांबरोबर दिंडोशीच्या एका कॉलनीत राहायच्या. फोनवर त्यांची भाषा बदलून मालवणी व्हायची. “बाबा, जेवलंस? किती? अर्धीच? तां काय नाय, आख्खी खा.” मग फोन ठेवून डबा उघडायच्या. कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, शुक्रवारी सुकट. अर्धा तास आम्ही दोघी त्या थांबलेल्या मशीनशेजारी बसून जेवायचो. दीड वाजता मशीन परत सुरू. सकाळी अकराला आणि दुपारी चारला चहा, तेव्हाही दहा-दहा मिनिटं बंद. बुडालेला वेळ त्या संध्याकाळी भरून काढायच्या. आम्ही सहाला निघायचो, त्या सातपर्यंत बसायच्या, पण दिवसाचा आकडा पुरा करूनच उठायच्या.

मी एकदा विचारलं होतं, जेवताना बंद कशाला, चालू राहिलं तर काय होतंय?

“माझे बाबा मागावर होते गिरणीत,” त्या म्हणाल्या. “बदलीवाला वेळेवर आला नाही की मागाशेजारी उभ्यानेच भाकरी खायची, एक डोळा धाग्यावर. गिरणी बंद पडली, बाबा घरी बसले, तरी कितीतरी वर्षं उभ्यानेच जेवायचे. आई म्हणायची, आता तरी बसा हो. ते म्हणायचे, सवय नाय. तेव्हाच मी ठरवलं, मी ज्या मशीनवर बसेन ती माझ्या जेवायच्या वेळेला बंद. तिला पण अर्धा तास, मला पण अर्धा तास. आकडा तर पूर्ण करते ना मी? मग काय बिघडतंय?”

मला ते फार आवडलं. मी घरी नवऱ्याला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. अकरा वर्षं मी त्या बंद मशीनशेजारी बसून जेवले. एम.टेक. झालेली बाई मी. माझ्या डोक्यात एकदाही काही आलं नाही.

मधल्या काळात विठ्ठल परब गेले. एका दुपारी एक वाजता परबताईंनी फोन लावला आणि तो कोणी उचलला नाही. त्यांनी पुन्हा लावला, मग शेजारच्या बाईंना लावला, मग कोट काढून स्टुलावर ठेवला आणि निघाल्या. दहा दिवसांनी परत कामावर आल्या. एक वाजता मशीन बंद केलं, हात धुतले, फोन हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “बस. जेवूया.” तो अर्धा तास त्यांनी त्यानंतरही कधी सोडला नाही.

कातडीवर आमची तीन वर्षं गेली. किती प्रकार फाटले, किती गोंद सुटले, त्याची मोजदाद करायची माझी आता इच्छा नाही. शेवटी एक कातडी टिकली. परबताईंच्या मशीनवर पूर्ण बारा दिवस टिकली, आणि त्याच्याही पुढे सहा दिवस टिकली. त्यांनी सही केली. बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीने आमचे तुकडे मागवले. त्यांच्या प्रयोगशाळेत तीच चाचणी पास झाली की त्यांच्या एका छोट्या, बिनमाणसाच्या विमानाला आमचा पंख लागणार होता. आम्हा आठ जणांची पुढच्या तीन वर्षांची नोकरी त्यावर होती. परबताईंना रिटायर व्हायला सहा-सात महिने उरले होते. त्या म्हणायच्या, “एकदा उडताना बघू दे. मग मी मोकळी.”

बंगळूरला कातडी दुसऱ्या दिवशी सुटली. त्यांनी दुसरा तुकडा लावला, तोही दुसऱ्या दिवशी सुटला. आमच्याकडे सगळे म्हणाले, त्यांनी नीट बसवलाच नसणार. परबताईही तेच म्हणाल्या. “माझ्या हाताखालून गेलेली कातडी आहे. चल, बघून येऊ.” कर्णिकांनी आम्हा दोघींना तिसरा तुकडा देऊन पाठवलं.

परबताईंचा तो पहिला विमानप्रवास. त्यांनी पंखाच्या मागची खिडकी मागून घेतली. ढग, समुद्र, खाली दिसणारा मढचा किनारा, कशाकडे म्हणून बघितलं नाही. नाक काचेला लावून सगळा वेळ फ्लॅपवर नजर. बंगळूरला चाकं टेकल्यावर म्हणाल्या, “सात वेळा हलला. आता?”

“आता काही नाही. पुढच्या फ्लाइटपर्यंत उभं.”

“म्हणजे यालाही सुट्टी मिळते,” त्या हसून म्हणाल्या. मीही हसले.

तिथली प्रयोगशाळा म्हणजे काय विचारता. आमचा अख्खा गाळा तिच्या स्वच्छतागृहात मावला असता. परबताईंनी तुकडा स्वतःच्या हाताने बसवला, प्रत्येक स्क्रू दोनदा तपासला. त्यातच दुपारचे चार वाजून गेले. मशीन सुरू झाल्यावर संध्याकाळपर्यंत त्या तुकड्याच्या शेजारून फारशा हलल्या नाहीत. पण ते लोक कुणाला चालू मशीनला हात लावू देत नव्हते, मध्ये काच होती. दुसऱ्या दिवशी अकराचा चहा कोणी विचारलाच नाही, आणि मग एक वाजला. परबताई उठल्या आणि स्विच शोधू लागल्या. तिथल्या इंजिनियरने विचारलं, काय झालं. मी त्याला हिंदीत सांगितलं, आम्ही जेवताना बंद करतो.

तो मनापासून हसला. “मॅडम, मशीन को भी भूक लगती है क्या?”

परबताईही हसल्या. पण लगेच त्यांचं हसू थांबलं. मला म्हणाल्या, “तू जा, जेवून ये.” मी कँटीनमधून परत आले तेव्हा त्या काचेपुढे तशाच उभ्या होत्या. अडीचच्या सुमाराला त्यांनी त्या मुलाला हात जोडून विनंती केली की एकदा काच सरकव. त्याने इकडेतिकडे बघून सरकवली. त्यांनी कातडीवर तळहात ठेवला आणि झटकन उचलला. माझ्याकडे बघितलं. त्यानंतर तासाभरात चिकटपट्टी ओढल्यासारखा आवाज झाला आणि कड सुटली.

परतीच्या विमानात त्यांनी खिडकी मला दिली. मग म्हणाल्या, “वृंदा, ती गरम होती. तव्यासारखी. आपली कधी गरम लागली नाही गं. अकरा वर्षांत एकदा पण नाही.”

मला कळायला दहा सेकंदही लागले नाहीत. रबर सतत वाकवलं की तापतं. तापलं की गोंद मऊ पडतो. अकराला दहा मिनिटं, एकला अर्धा तास, चारला दहा मिनिटं. तेवढ्यात आमची कातडी रोज निवत होती. रिपोर्टमध्ये मात्र लिहिलेलं, रोज दहा तास, न थांबवता. हे वाक्य फार पूर्वी मीच टाइप केलं होतं. पुढे प्रत्येक रिपोर्टमध्ये तेच खाली येत गेलं आणि त्याच्याखाली परबताईंची पूर्ण सही.

“मला वाटायचं, न थांबवता म्हणजे बिघाड होऊन थांबली नाही,” त्या म्हणाल्या. “जेवणाला कोण थांबणं म्हणतं? माणूस दिवसभर राबला म्हणतो तेव्हा त्यात जेवण असतंच की.”

इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट लिहायलाच हवी. मी म्हटलं, “परबताई, हे कोणाला सांगायची गरज आहे का? आपण म्हणू, ही बॅच खराब होती. नवीन गोंद बघू. तुमचे सहाच महिने राहिलेत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. समोरच्या सीटवरचं टेबल उघडून त्यांनी माझा सँडविचचा डबा त्यावर ठेवला. “तू खाऊन घे,” म्हणाल्या. मी नंतर पुष्कळ वेळा शरमले आहे, पण त्या दिवसाइतकी कधी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोन कापडी पिशव्या घेऊन अंधेरीच्या ऑफिसात आल्या. मीही गेले. पिशव्यांत त्यांच्या वह्या होत्या, अकरा वर्षांच्या. त्यांनी कर्णिकांना सगळं सांगितलं, पाच मिनिटांत, एकही शब्द फुकट न घालवता. कर्णिक ऐकता ऐकता चष्मा काढून डोळे चोळू लागले.

“किती रिपोर्ट असतील असे?”

“रबर आणि गोंद धरून सत्तावीस.”

“ती ओळ मी टाइप केली होती,” मी म्हटलं.

“कोणी टाइप केली त्याने आता काय फरक पडतोय, वृंदा,” कर्णिक म्हणाले. त्यांचा आवाज इतका थकलेला मी कधी ऐकला नव्हता. “परब, सहा महिन्यांनी तुम्ही रिटायर होताय. तेवढे दिवस गप्प राहता आलं नसतं?”

“म्हणून तर आज आले साहेब. नंतर सांगितलं असतं तर पळाली असं झालं असतं.”

मी वाद घातला. मी म्हटलं, खऱ्या विमानाचा पंख तरी कुठे दहा तास सतत वाकत असतो? सात वेळा वाकतो आणि मग उभा राहतो. परबताईंची चाचणीच उलट खऱ्याच्या जवळची आहे. कर्णिकांनी मान वर केली. त्यांना ते पटण्यासारखं होतं. पण परबताईंनीच मला थांबवलं.

“थांबवलं ते चुकलं नाही गं. थांबवलं हे कुणाला सांगितलं नाही, ते चुकलं. त्या मुलांनी आपल्या कागदावर विश्वास ठेवून काम केलं ना?”

सत्तावीस ग्राहकांना पत्रं पाठवायचं ठरलं, प्रत्येकात मशीन कधी आणि किती वेळ थांबलं होतं त्याचा तक्ता. तो तक्ता वह्यांमधून काढायचा होता. वह्या मी वाचायच्या आणि परबताईंनी लिहून घ्यायचं. तीन आठवडे आम्ही दुसरं काही केलं नाही.

वह्यांत थांबल्याच्या वेळा होत्या. अगदी नीट होत्या. फक्त त्या ‘मशीन बंद’ अशा लिहिलेल्या नव्हत्या. ‘१.०० ते १.३०. बाबा जेवले.’ ‘१.०० ते १.३०. बाबांनी अर्धी भाकरी.’ ‘१.०० ते १.३५. बाबांना पेज.’ पानामागून पान. मी मोठ्याने वाचायचे, “बाबा जेवले,” आणि परबताई समोरच्या तक्त्यात लिहायच्या, थांबा, तीस मिनिटं. पहिले दोन दिवस मला गंमत वाटली. मग वाटेनाशी झाली. तिसऱ्या दिवशी मी नुसत्या वेळा वाचू लागले, तर म्हणाल्या, “पूर्ण वाच. लिहिलंय ते सगळं वाच.” एका पानावर आलं, ‘१.००. बाबांनी फोन उचलला नाही. १.४० ला मशीन वृंदाकडे दिली.’ ते मी वाचलं. परबताईंनी पेन खाली ठेवलं, डबीतून आवळासुपारी काढून तोंडात टाकली, आणि तक्त्यात चाळीस मिनिटं लिहिलं. पुढच्या वह्यांमध्ये नुसतं ‘जेवण’ होतं.

सत्तावीस पत्रांवर सह्या त्यांनीच केल्या. कर्णिक म्हणत होते की कंपनीतर्फे मी करतो. त्या म्हणाल्या, रिपोर्टवर माझी होती, यावर पण माझीच हवी. शेवटच्या पत्रावर सही झाली तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि मला म्हणाल्या, “झालं. आता या सहीचं काय लोणचं घालायचं?”

ते त्यांनी खरंच मनावर घेतलं. त्यानंतर कंपनीत मी त्यांना पूर्ण सही करताना पाहिलं नाही. हजेरीपुस्तकात ‘ल’ एवढंच अक्षर. कुरियरवाला आला की म्हणायच्या, “वृंदा, तू कर गं.” बंगळूरवाल्यांनी काम काढून घेतलं, अगदी सभ्य भाषेत. आमच्या आठ जणांमधले चार गेले. पंखाचा तुकडा पोटमाळ्यावर गेला आणि आम्ही गाड्यांच्या सीटच्या बिजागऱ्या तपासू लागलो. परबताईंना कोणी एका शब्दाने बोललं नाही. कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं, कारण त्या गप्पपणात त्या दिवसेंदिवस बारीक होत गेल्या. शेवटच्या दिवशी केक कापला, भाषणं झाली. आम्ही त्यांच्या नावाने एक मोठं कार्ड केलं होतं. कुणीतरी म्हणालं, ताई, तुम्ही पण यावर आठवण म्हणून सही करा. त्या हसून म्हणाल्या, “माझ्या सह्या पुष्कळ झाल्या.” मग एक कोरा कागद घेतला, त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि भिंतीला चिकटवला. तोच हा कागद.

त्यानंतर दीड वर्षाने मी त्यांना भेटले. जायचं म्हणत होते आणि जमत नव्हतं, सगळ्यांचं होतं तसं. निमित्त असं झालं की आमच्याकडे एका नव्या ग्राहकाची मागणी आली. त्यांच्या वाकणाऱ्या पंखाच्या चाचणीत त्यांनी स्वतःहून थांबे घालायला सांगितले होते, उड्डाण आणि विश्रांती, उड्डाण आणि विश्रांती. मी ते वाचलं आणि कागद पर्समध्ये टाकून तडक दिंडोशीला गेले.

घरी कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, ताई मावसबहिणीच्या चक्कीवर असतात, खाली कोपऱ्यावर. चक्कीपुढे पाच-सहा डबे रांगेत लावलेले होते आणि त्यांच्यामागे पाच-सहा बाया. आत परबताई, डोक्याला रुमाल, भुवया पिठाने पांढऱ्या. मला बघून त्यांना आनंद झाला, पण हात थांबला नाही. खाली पडणाऱ्या पिठाखाली त्यांनी तळहात धरला होता.

मी आवाजावर आवाज चढवून त्यांना ग्राहकाची मागणी सांगितली. कागद दाखवला. त्यांनी पिठाचे हात न लावता लांबूनच वाचला.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “किती वेळ थांबायचं ते लिहायला सांगितलंय ना?”

“हो. मिनिटाला मिनिट.”

“मग झालं.” त्यांचा चेहरा दमलेला होता. मला वाटलं होतं त्या काहीतरी मोठं बोलतील, निदान डोळे तरी पुसतील. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि चक्की बंद केली.

“ओ ताई,” रांगेतली पहिली बाई ओरडली. “माझे दोनच किलो आहेत, टाका ना यार. पाच मिनिटांचं काम.”

“एक वाजला. दगड तापलाय. आत्ता टाकले तर पीठ गरम येईल, पोळ्या वातड होतील, आणि मग तुम्ही मलाच बोलाल. दीडला या.”

बायका कुरकुरत सावलीला गेल्या. परबताईंनी हात झटकले, खिळ्यावरची पाटी काढली, कोटाच्या खिशातून काढायच्या तसा कमरेच्या पिशवीतून खडू काढला आणि पाटी मांडीवर घेऊन लिहायला बसल्या. शेवटच्या ओळीलाच अर्धं मिनिट लागलं. मग ती बाहेर दाराला टांगली. मी बाहेर जाऊन वाचली. ‘१.०० ते १.३० बंद. कारण दगड तापतो, आणि जेवण.’ त्याखाली जागा उरली नव्हती, तरी पाटीच्या लाकडी कडेपर्यंत दाटीवाटीने, काना-मात्रा स्पष्ट, पूर्ण सही होती. ललिता विठ्ठल परब.

मी आत आले तेव्हा त्यांनी डबा उघडला होता आणि दुसरं स्टूल ओढून ठेवलं होतं. दीड वाजेपर्यंत आम्ही दोघी बसून जेवलो.